कोळी, नुसी आणि वाकवलेली नळी : गच्चीवरच्या नोंदी

अनगोळ, बेळगाव. उन्हाळा २०२५. स्लॅबवर २२ कुंड्या-बादल्या : १४ गुलाब, ३ जास्वंद, ५ बादल्यांत वांगी. शिवाय कठड्याला बांधलेल्या जाळीवर घेवडा. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, शेतीतलं शिकलेलो नाही. पहिला दीड महिना मी पदरचे पैसे घालून लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) वाढवले, म्हणून हे लिहून ठेवतोय. कुणाच्या घेवड्यावर असेच ठिपके आले तर निदान माझ्याच चुका त्यानं परत करू नयेत.

१६ फेब्रुवारी

घेवड्याच्या खालच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके. सुईनं टोचून काढल्यासारखे. लांबून पान नुसतं मळकट दिसतं. आई म्हणाली दृष्ट लागली, मी म्हटलं खत कमी पडलं. दोघंही चुकलो, पण तिच्या मीठ-मिरच्यांना खर्च आला नाही. मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) आणून आठवड्यात दोनदा दिलं.

(नंतर कळलं ते इथंच लिहितो. नत्र वाढलं की पान कोवळं, रसाळ होतं आणि ही कीड त्यावर जास्त वाढते. म्हणजे पहिल्याच दिवशी मी पाहुण्यांना जेवायला वाढलं.)

२४ फेब्रुवारी

ठिपके वरच्या पानांवर चढले. कामावरून येताना रविवार पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात थांबलो. पान बरोबर नेलं नव्हतं. "पानं पिवळी पडतात, रस शोषणारी कीड असावी," एवढंच सांगितलं. त्यांनी इमिडाक्लोप्रिड दिलं. १३० रुपये. संध्याकाळी फवारलं. मावा असता तर गेला असता.

३ मार्च

फरक नाही. गुलाबाच्या दोन कुंड्यांवरही तेच ठिपके. परत दुकानात. या वेळी सायपरमेथ्रिन, ९० रुपये, "हे जबरी आहे" या शिफारशीसह. जबरी होतंच. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर एक मुंगी दिसेना, एक कोळी दिसेना (जाळं विणणारा, आठ पायांचा, भिंतीवरचा), कढीपत्त्यावर बसणारी ठिपक्यांची लाल ढालकिडीही गेली. मला वाटलं, काम झालं.

९ मार्च

काम झालं नव्हतं. घेवड्याच्या शेंड्याला जाळी. सकाळच्या तिरप्या उन्हात दोन पानांच्या मध्ये रेशमासारखं काहीतरी चमकत होतं आणि त्यावर लाल-तपकिरी धूळ चालत होती. धूळ चालते हे बघितलं तेव्हा पोटात गोळा आला.

टूल रूममधलं १० पटीचं भिंग घरी आणलं. इन्सर्टची (लेथवरच्या कापायच्या पात्याची) धार तुटली का बघायला आम्ही ते वापरतो. पान उलटं केलं. शिरेच्या दोन्ही बाजूंना वस्तीच होती. पिवळसर हिरवे, अंगावर दोन काळे डाग असलेले जीव, खसखशीच्या दाण्याहून लहान. काही तांबूस. मध्येच पाण्याच्या थेंबासारखी गोल, काचेसारखी अंडी. रिकाम्या पांढऱ्या काती. पाय मोजले, आठ. काही बारकी पोरं मात्र सहा पायांची. (अंड्यातून निघतात तेव्हा सहाच असतात, कात टाकल्यावर आठ होतात.)

पुतण्या धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं : "काका, हे लाल कोळी. किडा नव्हे, कोळ्याच्या कुळातला जीव. इमिडाक्लोप्रिड त्याला लागत नाही. आणि सायपरमेथ्रिननं त्याला खाणारे सगळे मेले असणार. तुम्ही पोलीस मारले आणि चोर सोडले."

भिंग नसेल तर पांढरा कागद धरून त्यावर पान झटका आणि मिनिटभर बघत राहा. ठिपके चालायला लागले तर कोळी. बोटानं घासले तर रेघ उमटते. हे फुकटचं काम मी १६ फेब्रुवारीला केलं असतं तर २२० रुपये वाचले असते.

१० मार्च

घेवडा गेला. वाचवण्यासारखं एक पान नव्हतं. कात्रीनं बुडातून कापला, जाळीवरून ओढून काढला आणि स्लॅबच्या या टोकापासून जिन्यापर्यंत फरफटत नेला.

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. जिन्याच्या वाटेवर गुलाबाच्या नऊ कुंड्या आहेत.

असा वेल काढायचा तर आधी पाणी मारून भिजवा, मग जागेवरच पोत्यात कोंबा, तोंड बांधा आणि मगच हलवा. सुकलेल्या वेलावरचे कोळी तसेही नवीन घर शोधत शेंड्याला गोळा झालेले असतात, कपड्याला लागतात, वाऱ्यावर धाग्यासकट उडतात. मी तर त्यांना दारोदार पोचवून आलो.

१७ मार्च

नऊपैकी सात कुंड्यांवर ठिपके. बरोबर सात दिवस. उन्हात अंडं तीन-चार दिवसांत फुटतं आणि आठवडा-दहा दिवसांत नवी मादी अंडी घालायला बसते, हे पुतण्यानं सांगितलं होतं. पण ते ऐकणं वेगळं आणि कुंड्या मोजणं वेगळं.

परत दुकान. आता मला नाव माहीत होतं, त्यामुळे छाती पुढं काढून गेलो. मालक जेवायला गेलेले, गल्ल्यावर नवीन पोरगा. बैलहोंगलकडचा, मराठी जेमतेम.

"कोळीसाठी औषध पायजे," मी म्हटलं.

"एष्ट कोळी अदाव री?"

किती आहेत, विचारतोय. मला वाटलं, हुशार पोरगा, प्रादुर्भाव किती ते आधी बघतोय. म्हटलं, "हजारो असतील की. मोजणार कसं?"

पोरगा उभाच राहिला. "पोल्ट्री एल्ली ऐती री?"

मग उजेड पडला. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. आयुष्य बेळगावात गेलं, बाजारात रोज कन्नड ऐकतो, आणि ऐन वेळी हे डोक्यात आलं नाही. तेवढ्यात मालक आले, त्यांना हसू आवरेना. "नुसी म्हणा, नुसी. आमच्याकडं सगळे नुसीच म्हणतात." सीमाभागात कुणी औषध आणायला जाणार असेल तर हा शब्द पाठ करून जा. नाहीतर पान घेऊन जा, पानाला दोन्ही भाषा येतात.

मालकांनी कोळीनाशक पुढं केलं. मी अजून औषधावर रुसलेला होतो, ते नको म्हटलं. घाण्याचं कडुलिंबाचं तेल अर्धा लिटर (२४०) आणि पाण्यात मिसळणारं गंधक अर्धा किलो (११०) घेऊन आलो.

२३ मार्च

तेल फवारलं आणि एका सकाळीत तीन चुका केल्या.

पहिली, पाणी. आमच्या आडाचं पाणी जड आहे, साबण टाकला की फेस होत नाही, दह्यासारखं फुटतं. तेल पाण्यात मिसळवतो तो साबणच. तो फुटला म्हणजे तेल मिसळलंच नाही, वर तरंगत राहिलं. पंप तळातून ओढतो. त्यामुळे पहिल्या आठ कुंड्यांना नुसतं पाणी मिळालं आणि शेवटच्या तिघांना नुसतं तेल.

दुसरी, माप. लिटरला ५ मिली सांगितलं होतं. मी १० घातलं.

तिसरी, वेळ. सकाळी अकरा वाजता. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, ते माझ्या स्लॅबला कुणी कळवलेलं दिसत नाही. दुपारी दोनला थर्मामीटर ३९ दाखवत होता.

२५ मार्च

शेवटच्या तीन गुलाबांची पानं कडेनं तपकिरी, कुरकुरीत. हाताला लागली की गळतात. कोळी बसायला पान उरलं नाही, एवढाच फायदा.

गंधकाचं पाकीट फोडणार होतो. आधी पुतण्याला फोन केला हे नशीब. तेलानंतर दोन आठवडे गंधक मारायचं नाही, दोन्ही मिळून पान भाजतं. आणि पारा ३२-३३ च्या वर असताना एरवीही नाही. म्हणजे आता थेट पावसाळ्याच्या तोंडावर. पाकीट फळीवर.

३० मार्च, पाडवा

गुढीला डहाळीही कडुलिंबाचीच. ती बांधताना हिनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

पुतण्या जेवायला आला होता. श्रीखंड झाल्यावर त्याला घेऊन वर गेलो. त्यानं दोन गोष्टी करायला लावल्या. एक, मोजणी. पाच कुंड्यांवर एकेका पानाला लाल लोकरीचा धागा बांधायचा, दर वेळी त्याच पानाच्या मागं एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कोळी मोजायचे आणि वहीत लिहायचे. आजची सरासरी ४१. पान गळलं तर धागा शेजारच्या पानाला.

दुसरी, पाणी. साधं पाणी, पण पानाच्या खालून आणि जोरानं. वरून मारलेलं पाणी म्हणजे छत्रीवर पडलेला पाऊस. खालून मारलं की जाळी तुटतात, कोळी धुऊन खाली पडतात आणि त्यातले फार थोडे परत चढतात. शिवाय ह्या किडीला कोरडी हवा आणि धूळ प्रिय, तीही जाते. धुळीचं तर विचारू नका. पाइप घालायला म्हणून गल्ली जानेवारीपासून उकरून ठेवलेली आहे, एक रिक्षा गेली की कुंड्यांवर पीठ चाळल्यासारखं बसतं.

अडचण एकच. गुलाबाच्या पानाखाली वरच्या दिशेनं पाणी मारायचं तर कुंडीसमोर पालथं पडावं लागतं. चार कुंड्यांना तसं केलं. पाठ धरली.

१ ते ५ एप्रिल : नळी

हे माझ्या धंद्यातलं काम, म्हणून सविस्तर.

भंगारातून १० मिमीची तांब्याची नळी, साडेतीन फूट. टोकाला तिला छत्रीच्या मुठीसारखं वाकवायचं, म्हणजे उभ्यानं कुंडीत घालून तोंड वर करता येईल. नुसती वाकवली तर नळी पिचकते. म्हणून एक टोक बंद करून आत वाळू ठासून भरायची, दुसरं टोक बंद करायचं आणि मग वाकवायची. वाळू कोरडी हवी. आमच्या शेजारीच फौंड्री आहे, वाळूला काय तोटा. पण मी मोल्डिंगची (साच्याची) वाळू उचलली. तिच्यात माती आणि ओल असते. ती आत घट्ट बसली आणि निघता निघेना, अर्धा दिवस तार घालून खरवडत बसलो. दुसऱ्यांदा नदीची चाळलेली वाळू तव्यावर भाजून घेतली. वाकवल्यावर चार टिचक्या मारल्या, भुरभुर खाली आली.

टोकाला पितळेचं तोंड. काम सुटल्यावर लेथवर कातलं, शेठजींना विचारून.

पहिलं तोंड : मधोमध ३ मिमीचं एक भोक. अर्ध्या एचपीच्या मोटरवर लावल्यावर धार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. एका फटक्यात दोन कळ्या उडाल्या आणि एका पानाला आरपार भोक.

दुसरं तोंड : १ मिमीची पाच भोकं. फवारा छान, पण आडातलं शेवाळ येऊन दहा मिनिटांत तीन भोकं बंद. जुन्या चहाच्या गाळणीची जाळी कापून पाइपाच्या जोडात बसवली. तुंबणं कमी झालं, थांबलं नाही.

तिसरं तोंड, जे अजून चालू आहे : आतून ५ मिमीचं भोक, आरपार न जाता टोकाच्या दीड मिमी अलीकडे थांबवलेलं, म्हणजे ड्रिलच्या टोकाचा शंकू आत राहतो. मग बाहेरून त्यावर आडवा हॅकसॉ ब्लेडनं खाच. खाच शंकूला भेटते तिथं डोळ्याच्या आकाराची फट उघडते आणि पाणी पंख्यासारखं चपटं बाहेर येतं. पानाला थापटल्यासारखं लागतं, फाडत नाही. कचरा अडकला तर ब्लेड एकदा फिरवलं की साफ. खाच किती खोल घ्यायची हे चाचपडतच ठरवावं लागतं. मी दोन तोंडं वाया घालवली, कारण एक हात जास्त मारला की फट मोठी होते आणि धार मरते.

नळीला तोंड ब्रेझिंगनं (डाग देऊन) बसवलं, मागच्या टोकाला एक कॉक. खर्च : नळी १८०, कॉक ९०, पितळ भंगारातलं, ब्रेझिंगवाल्याला दोन चहा.

६ एप्रिल

पहिली धुणी. सगळ्या कुंड्या, पानन् पान खालून. पाऊण तास लागला आणि आडाची मोटर शेवटी माती ओढायला लागली. आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो. खाली हिनं टाकीचं झाकण उघडून बघितलं आणि वर आली.

"अहो, मी काय म्हणतो, गुलाबाला आंघोळ घाला, मी नको म्हणत नाही. पण उद्या तुम्ही कशानं करणार?"

रास्त होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तोड अशी निघाली. कुंड्या दोन ओळींत ओढून खाली जुनं ताडपत्रीचं अंथरूण, उतार एका कोपऱ्याकडे, कोपऱ्यात बादली. निथळलेलं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून वांग्यांच्या बुडाला. पानांवर परत मारायचं नाही, त्यात कोळी असतात. दर धुणीला आता साधारण ६० लिटर लागतं, पहिल्या दिवशी २०० च्या वर गेलं असेल. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिक गुंडाळतो, नाहीतर माती वाहून जाते आणि मुळं कुजतात.

९ एप्रिल

दुसरी धुणी. दर तीन दिवसांनी धरलंय. अंडी चिकटून राहतात, सगळी धुतली जात नाहीत. पण त्यातून निघालेली पोरं अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधी धुतली गेली पाहिजेत. एक पाळी चुकली की आठवडा मागं. सरासरी २८.

१४ एप्रिल

गुलाबाच्या पानांवर आता काळे, कडा फाटल्यासारखे डाग. हे कोळ्यांचं काम नव्हे, बुरशी. मी कामावरून आल्यावर संध्याकाळी धूत होतो, पान रात्रभर ओलं राहत होतं. डागाळलेली पानं काढून टाकली आणि धुणी पहाटे साडेपाचला नेली. उन्हं आली की तासाभरात पान सुकतं. त्यात माझी झोप जाते, ती खर्चात धरलेली नाही.

१७ एप्रिल

सरासरी ११. पण आज लिहायचंय ते वेगळं.

चार-पाच दिवस पानांमागं मोहरीहून लहान काळे किडे दिसत होते. गोल, चकचकीत नाहीत, मंद काळे. मला वाटलं नवीन संकट. दिसला की अंगठ्यानं चिरडायचा, असे पंधरा-वीस तरी मारले. आज एक मारायच्या आधी भिंग लावलं.

तो एका अंड्यापाशी थांबला होता. तोंड अंड्याला लावलं आणि स्थिर. मग ते गोल काचेसारखं अंडं हळूहळू बसत गेलं, चेंडूतली हवा जावी तसं. मागं चुरगळलेलं पांढरं टरफल राहिलं. किड्यानं पुढचे पाय तोंडावरून फिरवले आणि पुढच्या अंड्याकडे गेला. शेजारून एक कोळी चालत होता, त्यालाही धरलं. पाच मिनिटांत मी सात मोजले. त्याच पानावर एक करडी, केसाळ, लांबट अळी होती, तीही हेच करत होती.

पुतण्या : "स्टेथोरस. ढालकिड्यातलाच, पण जन्मभर फक्त कोळीच खातो. मारू नका, काका."

सायपरमेथ्रिननंतर सहा आठवड्यांनी ते परत आले होते आणि मी त्यांना दारातच चिरडत होतो. आता नियम केलाय, भिंगाखाली बघितल्याशिवाय काही मारायचं नाही. ज्या पानांवर हे दिसतात त्यांच्या कुंड्या एका बाजूला केल्या आणि तिथं धार निम्मी ठेवतो.

१९ एप्रिल

कडेच्या चार कुंड्या काही केल्या उतरत नव्हत्या, नाण्याएवढ्या जागेत अजून ३० च्या घरात. तिथं काळे किडेही नाहीत. हट्ट सोडला. प्रॉपरगाईट ५७ ईसी हे कोळीनाशक आणलं, १०० मिली, २१० रुपये. या वेळी "नुसीगे" (नुसीसाठी) म्हणूनच मागितलं. पोरगा गालात हसला.

लेबलावर होतं तेवढंच माप, हातमोजे, तोंडाला फडकं, संध्याकाळी, वारा पडल्यावर, पानाच्या खालून. फक्त या चार गुलाबांना. वांग्यांच्या जवळ नेलं नाही. ती आम्ही खातो.

२१ एप्रिल

त्या चार कुंड्यांत २. दोन दिवसांत. मन चळलं, खोटं कशाला बोलू.

२९ एप्रिल

त्या चार कुंड्यांत परत ९. हे औषध अंड्यांवर फारसं चालत नाही, राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी उठली. धुतलेल्या, काळे किडे असलेल्या कुंड्यांत ४, आणि त्या उतरतच आहेत. औषधाच्या कुंड्यांत एकही काळा किडा नाही. ते तिथं नव्हतेच, की असलेले मेले, ते मला सांगता येणार नाही. दुसरा हात मारला नाही. तेच औषध परत परत मारलं की कोळी त्याला लवकर सरावतात, पिढ्या भराभर निघतात ना. चारही कुंड्या धुण्याच्या रांगेत आणल्या. आणि काळे किडे असलेल्या गुलाबाच्या दोन फांद्या कापून त्यांच्यात नेऊन टेकवून ठेवल्या.

इथल्या वैशाखातल्या शिवजयंतीची गडबड सुरू झाली आहे. चित्ररथाची वेल्डिंगची कामं आली की रात्र-रात्र तिकडंच जाते. दोन धुण्या मुलानं केल्या, एक चुकली.

६ मे

चुकलेली धुणी वहीत दिसते. ४ वरून ७.

फांद्या टेकवलेल्या चारपैकी तीन कुंड्यांत काळे किडे दिसले. अळ्याही.

११ मे

एक गोष्ट समजत नव्हती. कोपऱ्यातली जास्वंद स्वच्छ होते आणि दर आठवड्याला परत भरते. आज कठड्यावरून वाकून बघितलं. शेजारच्या काकूंची जास्वंद आमच्या भिंतीला टेकलेली, धुळीनं पांढरी, आणि पान उलटलं तर जाळीच जाळी. माझ्याकडे कीड तिथून वाऱ्यानं येत होती.

काकूंना काय सांगायचं हा प्रश्न. देवाला रोज त्याच झाडाची फुलं जातात, औषध त्या मारू देणार नाहीत. नळी घेऊन गेलो. "काकू, झाड धुऊन देतो, धूळ बसलीय." कोळ्यांचं नाव काढलं नाही. भिंतीकडच्या चार फांद्या मात्र छाटल्या, पोत्यात घालून. नंतर त्यांनीच भिंगातून बघितलं आणि, "अगं बाई, एवढी जत्रा," म्हणाल्या. आता दर तिसऱ्या पहाटे त्यांचंही झाड. पाणी त्यांचं, नळी माझी.

१५ मे

वळीव. अर्धा तास आडवा पाऊस. गल्लीतली धूळ बसली, चिखल झाला. दुसऱ्या दिवशी मोजलं, सरासरी ३. त्या दिवशी धुणी वाचली.

२४ मे

मान्सून आज केरळात पोचला, आठ दिवस आधी. आमच्याकडे तर चार दिवसांपासून झड लागल्यासारखंच आहे. पाच धाग्यांच्या पानांवर मिळून १ कोळी. भिंग फिरवून फिरवून एकच. धुणी बंद.

कागदावर हिशेब मांडला. वाया गेलेले : इमिडाक्लोप्रिड १३०, सायपरमेथ्रिन ९०, तेल २४० (पाऊणशे मिली वापरलं असेल), खत ७०, गंधक ११०. एकूण ६४०. गंधकाचं पाकीट अजून फोडलेलं नाही. बुरशीच्या डागांवर या थंड हवेत उपयोगी पडेल असं पुतण्या म्हणतो, तेव्हा ते अर्धं वसूल धरतो. कामी आलेले : नळी-कॉक २७०. प्रॉपरगाईट २१० कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरलं नाही. गेलेली झाडं : घेवडा सगळा, तेलानं भाजलेल्या तीन गुलाबांपैकी एक. बाकी दोघांना बुडातून कोंब आलेत.

वांग्यांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं आणि तीच सगळ्यात कमी बिघडली. निथळलेलं पाणी दर धुणीला मिळालं म्हणून असेल. कोळी ताण पडलेल्या झाडावर जास्त बसतात, आणि एप्रिलमध्ये माझे गुलाब दुपारी माना टाकत होते.

१ जून

नळी धुऊन जिन्यातल्या खिळ्याला टांगली. पितळ गंजणार नाही, पण मागच्या पावसाळ्यात कुंभारीण माशीनं माझ्या एअर गनच्या तोंडात माती भरून घर केलं होतं. म्हणून खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवलाय. कारखान्यात दोघांनी तसंच तोंड करून मागितलंय. त्यांना सांगितलं, पितळ तुमचं आणा, आणि आधी पांढऱ्या कागदावर पान झटकून या.